मामाचा व्हिडिओ गेम आणि डाग देण्याची विद्या

वाङ्मय मंडळाच्या अंकात व्हिडिओ गेम खोलण्यावर लेख कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण दिवाळीआधी महिनाभर मी हेच काम करत होते आणि त्यात दोन गोष्टी लक्षात आल्या. एक म्हणजे, हे काम करायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. योग्य हत्यारं, थोडा सराव आणि पुष्कळ सबुरी लागते. दुसरी म्हणजे, या कामाचे मराठी शब्द आपल्याकडे आधीपासून आहेत, फक्त आपण ते विसरत चाललो आहोत. म्हणून हा लेख.

गोष्ट कुठून सुरू झाली

आजोळ रामबागेत. माळा साफ करताना एक खोका सापडला. मामा दहावी झाला तेव्हा आजोबांनी त्याला घेऊन दिलेला व्हिडिओ गेम. काळं-राखाडी डबडं, दोन रिमोट, एक बंदूक आणि पिवळ्या रंगाची तीन कॅसेट. नव्वदच्या दशकात ज्यांचं लहानपण गेलं, त्या सगळ्यांना हा गेम माहीत आहे. खोक्यावर कुणाकडे ‘मीडिया’ लिहिलेलं असे, कुणाकडे ‘सामुराई’, कुणाकडे ‘टर्मिनेटर’. आतून सगळे एकच. मारिओ, कॉन्ट्रा आणि बदकं मारायचा गेम.

मामा आता पुण्यात असतो. दिवाळीला येणार होता, बरोबर आठ वर्षांची मुलगी. फोनवर म्हणाला, “अगं, चालू होतोय का बघ ना. तिला दाखवायचाय.” आजोबा जाऊन चार वर्षं झाली. त्यांनी मामाला घेऊन दिलेल्या वस्तूंपैकी ही एकच उरलेली.

मी बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, त्यामुळे घरात “हिला येतं सगळं” असा समज. गेमचा अडॅप्टर काही सापडला नाही. घरात एका बंद पडलेल्या राउटरचा अडॅप्टर होता, त्यावरही ९ व्होल्ट लिहिलेलं. पिन तंतोतंत बसली. बटण दाबलं. दिवा लागला नाही. दोन सेकंदांत जळका वास आला.

मग खोका उलटा केला तर तळाशी अडॅप्टरही होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. त्यावर चिकटवलेल्या कागदावर आजोबांचं अक्षर: “याच गेमचा. दुसरा लावू नये.”

इथून पुढे मी जे शिकले ते क्रमाने सांगते. माझ्यासारखं आधी जाळून मग शिकू नका, एवढंच.

आधी यंत्र ओळखा

कुठलाही कन्सोल उघडण्यापूर्वी तो काय आहे हे समजून घ्यायला हवं. आपल्याकडचे ते ८-बिट गेम म्हणजे जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी निन्टेन्डो कंपनीने आणलेल्या ‘फॅमिकॉम’च्या नकला. फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना असतात. अमेरिकेत तोच गेम ‘एनईएस’ नावाने गेला तेव्हा त्या ७२ झाल्या. आपल्याकडच्या कॅसेट ६० पिनांच्या, म्हणजे जपानी घराण्याच्या.

आत पाहिलं तर चार विभाग दिसतात.

१. वीज: बाहेरून साधारण ९ व्होल्ट येतात. आतल्या चिपना हवेत फक्त ५. मधलं काम ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर करतो. वरचे ४ व्होल्ट तो उष्णता करून टाकतो, म्हणून त्याला ॲल्युमिनियमची पट्टी जोडलेली असते. समजा गेम ३०० मिलिअँपिअर घेतो, तर ४ गुणिले ०.३ म्हणजे १.२ वॅट नुसती गरमी.

२. मेंदू: जुन्या बोर्डांवर ४०-४० पायांच्या दोन चिप असतात, एक हिशेबाची आणि आवाजाची, दुसरी चित्राची. नंतरच्या स्वस्त गेममध्ये सगळं एका काळ्या थेंबाखाली दडवलेलं असतं. तो थेंब उकरून काही करता येत नाही. चिपच गेली असेल तर तिथे काम संपलं.

३. ठोका: चकचकीत धातूचा छोटा डबा, त्यावर आकडा. आपल्याकडे बहुतेकदा २६.६०१. आपल्याकडचं टीव्हीचं रंगीत प्रक्षेपण ‘पाल’ पद्धतीचं होतं, त्याच्या रंगाची वारंवारता साधारण ४.४३ मेगाहर्ट्झ, आणि २६.६०१ हे तिच्या बरोबर सहा पट. जपानी-अमेरिकी मशिनमध्ये इथे २१.४७७ असतो. चित्र दिसतंय पण रंग येत नाही, अशी तक्रार असेल तर टीव्ही आणि मशीन दोन वेगळ्या पद्धतींचे आहेत का, हे आधी पाहावं.

४. बाहेर जायचा रस्ता: एका कोपऱ्यात पत्र्याचा बंद डबा. चित्र आणि आवाज एकत्र करून तो त्यांचं टीव्हीच्या चॅनेलसारखं सिग्नल बनवतो. अँटेनाच्या भोकात वायर घालून चॅनेल जुळवत बसायचो, ते याच डब्यामुळे.

माझं काम दोन भागांचं होतं. जळलेला वीजविभाग दुरुस्त करायचा आणि नव्या एलईडी टीव्हीवर चित्र स्वच्छ यावं म्हणून पत्र्याच्या डब्याला वळसा घालून सरळ एव्ही वायर काढायची. पहिलं दुरुस्ती, दुसरं बदल. कन्सोलमधले बहुतेक बदल असेच असतात: आत आधीच असलेली चांगली गोष्ट बाहेर येण्याचा रस्ता करून देणं.

हत्यारं: काय घ्यावं, काय नको

आपल्या इंदुरात जेल रोड आणि महाराणी रोड हे या सामानाचे बाजार. मी जेल रोडवर गेले तेव्हा दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, “किसके लिए चाहिए, भैया के लिए?” मी म्हटलं, “मेरे लिए.” मग त्याने नीट दाखवलं. माझी यादी अशी:

पेचकस: साधे चौफुलीचे लहान-मोठे. जुन्या नकली गेमना एवढे पुरतात. पण अस्सल निन्टेन्डोच्या कॅसेटला ३.८ मिलिमीटरचं आणि मोठ्या कन्सोलला ४.५ मिलिमीटरचं ‘गेमबिट’ लागतं. हातातल्या छोट्या गेमना तीन पाकळ्यांचा ट्राय-विंग लागतो. प्लेस्टेशन ४ ला मधे भोक असलेला टॉर्क्स टी-८ किंवा टी-९. चुकीच्या पेचकसाने स्क्रूचं डोकं झिजलं की पुढचा अर्धा दिवस त्यातच जातो.

मल्टिमीटर: सगळ्यात महत्त्वाचं. साधं घ्या, पण ‘बीप’ वाजणारं घ्या. दोन बिंदू आतून जोडलेले आहेत का, हे ते बीप सांगतं.

सोल्डरिंग आयर्न: इथे बाजारात ‘कावीया’ म्हणतात. २५ वॅटचा साधा शिकायला चालतो. पुढे काम वाढवायचं असेल तर तापमान ठरवता येणारा घ्यावा. टोक खिळ्यासारखं अणकुचीदार नको, थोडं छिन्नीसारखं हवं, म्हणजे उष्णता पटकन पोहोचते.

सोल्डर तार: ६०/४०, म्हणजे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं. हे मिश्रण १८३ ते १९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतं. शिसंविरहित तार २१७ च्या पुढे वितळते आणि नवशिक्याला त्रास देते.

फ्लक्स: मूळ पदार्थ राळ. दुकानात ‘बिरोजा’ मागा.

सकर आणि तांब्याची जाळीदार पट्टी: आधीचं सोल्डर उपसायला आणि टिपायला.

बाकी किरकोळ: बारीक टोकाचा चिमटा, जुना टूथब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल, खोडरबर, भिंग, बारीक वायर आणि एक जुनं प्लास्टिकचं कार्ड. कार्ड कशाला? डब्याच्या फटीत घालून खटके उघडायला. लोखंडी पेचकस घातला की प्लास्टिकवर कायमचा ओरखडा.

गरम हवेची गन, मायक्रोस्कोप, ऑसिलोस्कोप यांच्या मागे सुरुवातीला लागू नका. जुन्या गेमसाठी त्यांची गरज पडत नाही.

डाग देणं: जुनीच विद्या

‘सोल्डरिंग’ला मराठीत काय म्हणावं, हे मी आईला विचारलं. ती सहज म्हणाली, “डाग देणं. सराफ्यात सोनार देतो ना, तसा.” मग विचार केला तर खरंच तेच. आपल्याला सराफा रात्रीच्या भुट्ट्याच्या किसासाठी माहीत, पण दिवसा तिथे सोनार बसतात. साखळीची तुटलेली कडी जोडताना ते आधी टाकणखार लावतात, मग डाग देतात. आपल्या कामात टाकणखाराच्या जागी राळ येते, एवढाच फरक.

आणि कल्हई! आजीला विचारा. कल्हईवाला भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा, मग कथील फिरवायचा आणि कापसाने पुसून घ्यायचा. नवसागर कशाला? तांब्या-पितळेवर हवेमुळे काळपट थर बसतो, त्यावर कथील चिकटत नाही. नवसागर तो थर काढतो. राळ हेच करते. आयर्नच्या टोकाला कथलाचा पातळ थर देऊन ठेवायचा असतो, त्याला इंग्रजीत काहीही म्हणोत, आपल्याकडे ती कल्हईच. टोक काळं पडलं की उष्णता पुढे जात नाही, मग पोरं म्हणतात, “आयर्न खराब निघाला.” आयर्न ठीक असतो, त्याची कल्हई गेलेली असते.

आता कृती. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे सोल्डर आयर्नच्या टोकावर वितळवायचं आणि मग ते जोडावर थापायचं. तसं करू नये. आधी टोक अशा रीतीने टेकवा की बोर्डावरचं तांबं आणि चिपचा पाय दोन्ही एकदम तापतील. एक-दोन सेकंद थांबा. मग तार जोडाला लावा, टोकाला नाही. जोड पुरेसा तापला असेल तर सोल्डर आपणहून पसरतं. आधी तार काढा, मग आयर्न. थंड होईपर्यंत हलवू नका. एकूण तीन-चार सेकंदांचं काम.

चांगला जोड छोट्या डोंगरासारखा दिसतो, कडा तांब्याला मिळालेल्या. वाईट जोड गोळीसारखा वर बसलेला, किंवा खडबडीत, मंद. याला कच्चा डाग म्हणू. तो आज चालतो, उद्या नाही. “थोबाडीत मारली की चालू होतो” अशी जी यंत्रं असतात, त्यांच्यात बहुतेक वेळा असाच कुठला तरी कच्चा डाग असतो.

आणि जास्त वेळ तापवलं तर? या स्वस्त गेमचे बोर्ड तपकिरी रंगाचे, कागद आणि राळेसारख्या पदार्थाचे असतात. उष्णता जास्त झाली की तांब्याची पट्टी बोर्डावरून सुटून वर येते. माझ्याकडून तेच झालं. जळलेला ७८०५ काढताना घाई केली आणि एक पट्टी उचलली गेली. त्या क्षणी वाटलं, आता संपलं. पण पट्टी म्हणजे शेवटी वायरच. ती जिथून जिथे जात होती, तिथून तिथे बारीक वायरचा तुकडा जोडला. दिसायला वाईट, पण मीटर म्हणतं ‘बीप’.

आधी मीटर, मग कावीया

त्याआधीचं सांगायचं राहिलं. गेम जळल्यावर मी तो घेऊन एका दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. मला वाटत होतं ते लगेच डाग द्यायला लागतील. त्यांनी आयर्न तापवलासुद्धा नाही. मीटर माझ्या हातात देऊन म्हणाले, “बेटा, कावीया बाद में. पहले मीटर.”

माझी चूक त्यांनी तिथेच दाखवली. अडॅप्टरच्या पिनेला दोन टोकं असतात, आतलं भोक आणि बाहेरचा गोल. राउटरच्या अडॅप्टरवर छापलेल्या चित्रात आत अधिक, बाहेर उणे. जपानी फॅमिकॉममध्ये उलटं, आत उणे, बाहेर अधिक. माझा गेमही तसाच. व्होल्ट बरोबर होते, दिशा उलटी होती. उलट्या विजेने रेग्युलेटर गेला आणि शेजारचा कपॅसिटर फुगला. मुख्य चिप वाचली की नाही, हे नवा रेग्युलेटर लावल्यावरच कळणार होतं.

तेव्हा मीटरने करायच्या चार तपासण्या, याच क्रमाने:

१. अडॅप्टर गेमला लावण्याआधी त्याच्या पिनेवर व्होल्ट आणि दिशा मोजा. जुन्या वजनदार अडॅप्टरवर ९ लिहिलेलं असलं तरी रिकामा मोजला की १२-१३ दाखवतो. ते ठीक आहे, भार आला की उतरतो.

२. गेम बंद असताना ५ व्होल्टची रेषा आणि जमीन यांच्यात बीप वाजतो का पाहा. वाजला तर आत कुठे तरी शॉर्ट आहे. वीज देऊ नका.

३. वीज दिल्यावर ७८०५ च्या तिसऱ्या पायावर ५ च्या आसपास व्होल्ट येतात का पाहा.

४. मगच पुढे चिपकडे.

नवा ७८०५ आणि दोन कपॅसिटर महाराणी रोडवर समोशाच्या किमतीत मिळाले. कपॅसिटर लावताना त्याच्या अंगावरची उणे खुणेची पट्टी पाहून लावावा, उलटा लागला तर फुटतो. शिवाय काकांनी सुचवलं म्हणून विजेच्या वाटेत एक १एन४००७ डायोड घातला. डायोड म्हणजे एकतर्फी दार. उद्या कुणी पुन्हा उलटा अडॅप्टर लावला तर वीज दारातच अडेल. त्यात ०.७ व्होल्टच्या आसपास खर्ची पडतात, पण ९ मधले तेवढे गेले तरी ७८०५ ला पुरतात. रुपया-दोन रुपयांची वस्तू, जी कारखान्याने वाचवली होती.

बटण दाबलं. दिवा लागला. आईला हाक मारली तर ती म्हणाली, “वास येतोय का?” नव्हता येत.

एव्ही वायर कशी काढली

पत्र्याच्या डब्यात तीन वायरी जातात: ५ व्होल्ट, चित्र आणि आवाज. पत्रा स्वतः जमीन. मीटरने ५ व्होल्टची वायर ओळखली. उरल्या दोन. मीटरचा काळा तार जमिनीला ठेवून बाकी वायरी तपासल्या आणि एकेक करून टीव्हीच्या पिवळ्या भोकाकडे नेऊन पाहिल्या. एकीवर मारिओ उभा राहिला, ती चित्राची. दुसरी आवाजाची.

चित्र आलं, पण मलूल. कारण असं: टीव्हीची पिवळी वायर ७५ ओहमची असते. चिपमधून निघालेलं सिग्नल दुबळं असतं, तेवढा भार त्याला झेपत नाही. वर्गात हळू बोलणाऱ्या मुलाला माइक द्यावा तसा मधे एक ट्रान्झिस्टर द्यावा लागतो. तो नवं काही बोलत नाही, तेच ठामपणे पुढे पोचवतो. एक ट्रान्झिस्टर, दोन-तीन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर, एवढंच सामान. जुन्या दोन चिपवाल्या बोर्डावर काम करणाऱ्यांना हे उपयोगी पडेल: अस्सल फॅमिकॉमच्या चित्राच्या चिपमध्ये २१ व्या पायावर चित्र मिळतं आणि हिशेबाच्या चिपच्या १ आणि २ क्रमांकाच्या पायांवर आवाज. पाय मोजताना चिपच्या एका टोकाची खाच शोधा. ती डावीकडे धरली की खालच्या ओळीचा पहिला पाय १, तिथून घड्याळाच्या उलट दिशेने मोजत जा.

डब्याला नवी भोकं पाडायची इच्छा होत होती. पाडली नाहीत. आजोबांच्या वस्तूला पाडायला हात धजला नाही, म्हणून वायर जुन्या अँटेनाच्या वाटेनेच बाहेर काढली. बदल करताना हा नियम चांगला आहे: परत पूर्वीसारखं करता येईल असाच बदल आधी करून पाहावा.

जे जमत नाही ते

मामाला बंदूक चालवायची होती. ती चालली नाही आणि चालणारही नाही. ती बंदूक गोळी मारत नाही, प्रकाश पाहते. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला डोळा तो दिसला का ते बघतो. जुन्या काचेच्या टीव्हीवर हे चित्र त्याच क्षणी उमटायचं. एलईडी टीव्ही चित्र थोडं सांभाळून, उशिरा दाखवतो आणि त्याचा प्रकाशही तसा लुकलुकत नाही. डाग देऊन हे सुटत नाही. कधी कधी उत्तर ‘नाही’ असतं, तेही मोजूनच कळतं.

दुसरं उदाहरण मोठं आहे. एक्सबॉक्स ३६० मध्ये तीन लाल दिवे लागून मशीन बंद पडायची. २००७ च्या जुलैत मायक्रोसॉफ्टने त्या दोषासाठी वॉरंटी ३ वर्षांची केली आणि त्यापोटी १ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. तापणं आणि थंड होणं या फेऱ्यांत चिपच्या जोडण्या तडकत होत्या. बाजारात लोक गरम हवा मारून मशीन चालू करून द्यायचे. काही दिवस चालायची, पुन्हा बंद. तेव्हा ‘चालू झाला’ आणि ‘दुरुस्त झाला’ यात फरक असतो. दुसऱ्याच्या वस्तूवर काम करताना तो सांगणं आपलं कर्तव्य आहे.

जीव आणि कायदा

ज्या कन्सोलला थेट २३० व्होल्टची वायर लागते, त्याचा वीजविभाग नवशिक्याने उघडू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टपर्यंत भार असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ राहतो. हातातल्या गेमची बॅटरी फुगलेली दिसली तर टोचू-दाबू नका. डाग देताना खिडकी उघडी, छोटा पंखा चालू. तो धूर राळेचा असतो आणि दम्याच्या माणसाला त्रास देतो. तारेत शिसं असतं, म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय पोहे-जिलबीला हात लावायचा नाही.

कायद्याचंही थोडं. आपली वस्तू उघडणं, दुरुस्त करणं हा गुन्हा नाही, फक्त वॉरंटी असेल तर ती जाऊ शकते. पण चोरीचे गेम चालावेत म्हणून कन्सोलमधलं कुलूप तोडणं वेगळं. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ अ आलं. हक्काचा भंग करण्याच्या हेतूने असं संरक्षण तोडलं तर २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. कायदा हेतू पाहतो, आपणही पाहावा. दुसरीकडे सरकारनेच २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, म्हणजे दुरुस्तीचा आग्रह धरणं ही फक्त आपली हौस नाही.

आणि आपण इंदूरकर. २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिले आलो, त्याचा अभिमान आहेच. पण कचरा वेगळा करणं ही दुसरी पायरी, कचरा होऊच न देणं ही पहिली. वीस रुपयांच्या सुट्या भागासाठी अख्खं यंत्र फेकून देणं आपल्याला शोभत नाही.

सुरुवात कशी कराल

मामा आला. त्याच्या मुलीने मारिओला पहिल्याच खड्ड्यात सात वेळा पाडलं आणि आठव्यांदा पार नेलं. बंदुकीचं ऐकून मामा थोडा हिरमुसला, मग स्वतःच कॉन्ट्रा लावून बसला. गेम परत खोक्यात ठेवताना अडॅप्टरवरचा आजोबांचा कागद मी तसाच ठेवला आणि खाली माझ्या अक्षरात लिहिलं: “आत उणे, बाहेर अधिक.”

तुम्हाला शिकायचं असेल तर कुणाच्या आठवणीच्या वस्तूवर सुरुवात करू नका. भंगारवाल्याकडून बंद पडलेला सेट-टॉप बॉक्स किंवा टीव्हीचा रिमोट आणा. पहिल्या आठवड्यात फक्त खोला आणि परत जोडा. प्रत्येक पायरीला मोबाइलने फोटो काढा आणि निघालेले स्क्रू कागदावर, जिथून काढले त्या जागी टोचून ठेवा. दुसऱ्या आठवड्यात वीस सुटे भाग काढा आणि तेच वीस परत लावा. तिसऱ्या आठवड्यात मीटर घेऊन पट्ट्यांचे रस्ते शोधा, कागदावर नकाशा काढा. एवढं झालं की मग जुन्या गेमच्या कॅसेटकडे वळा. तिच्या पिना खोडरबराने पुसून अल्कोहोलने साफ केल्या तर निम्मी दुखणी तिथेच बरी होतात. आणि हो, कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. तोंडातल्या ओलाव्याने पिना हळूहळू खराब होतात, आपण सगळ्यांनी ते केलं असलं तरी.

माळ्यावर असा खोका तुमच्याकडेही असेल. उघडण्याआधी त्यात कुणी काही लिहून ठेवलंय का, ते मात्र नीट वाचा.